रीफ टँकच्या काचेला भोक पाडताना

रीफ टँक म्हणजे प्रवाळ पाळायची खाऱ्या पाण्याची टाकी. तिचं पाणी पाइपाने सम्पमध्ये, म्हणजे खालच्या दुसऱ्या टाकीत न्यायचं आणि पंपाने परत आणायचं तर काचेला भोक पाडावं लागतं. ड्रिल हातात घेण्याआधी काच टफन्ड (तापवून झटकन थंड करून कडक केलेली) आहे का ते बघा. टफन्ड काचेच्या पृष्ठभागात दाब आणि गाभ्यात ताण कोंडलेला असतो. बिट आत शिरला की तो तोल जातो आणि अख्खी काच दाणे दाणे होऊन खाली येते. तपासणी घरीच होते. काचेमागे एलसीडी पडदा पांढरा करून ठेवा, समोरून पोलराइज्ड गॉगल धरा आणि पडदा काळा होईपर्यंत तो फिरवा. काचेत पट्टे, ठिपके किंवा रंगीत छटा उमटल्या तर त्या काचेच्या वाटेला जाऊ नका. काही तयार टाक्यांत फक्त तळ टफन्ड असतो, म्हणून प्रत्येक काच वेगळी तपासा.

कनेक्टर, म्हणजे भोकात बसवून पाइप जोडायचा आट्यांचा तुकडा, आधी आणा, बिट नंतर. २५ मिमीचा टँक कनेक्टर म्हणजे २५ मिमीचं भोक नव्हे. आट्यांचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा आणि त्याहून एक-दोन मिमी मोठा डायमंड होल सॉ, म्हणजे हिऱ्याच्या कणांची कड असलेला पोकळ गोल बिट घ्या. कनेक्टर पीव्हीसीचाच हवा. प्लंबिंगच्या दुकानात पितळी पुढे करतील, गच्चीवरच्या टाकीला तो उत्तमच. पण खाऱ्या पाण्यात पितळेतून तांबं सुटतं आणि कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ त्याने मरतात. भोकाची कड आणि काचेची कड यांत निदान एका भोकाच्या व्यासाइतकी काच शिल्लक राहू द्या. दोन भोकांमध्येही तेवढीच.

काच आडवी, खाली थर्माकोल, पलीकडच्या बाजूने लाकडी फळी घट्ट लावलेली. ड्रिल बॅटरीवरचा, कारण इथे सगळं पाण्यात चालतं. हॅमर मोड बंद. या बिटला मधली टोकदार पिन नसते, त्यामुळे सुरुवातीला तो काचेवर घसरतो. प्लायच्या तुकड्याला त्याच बिटने भोक पाडून तो साचा काचेवर क्लॅम्प करा. काचेवर खाच पडली की साचा काढा, मुलांच्या खेळायच्या क्लेचं आळं करा आणि त्यात पाणी भरा.

४० मिमीच्या बिटला मिनिटाला चारशे ते सहाशे फेरे पुरतात, मोठ्या बिटला त्याहून कमी. जोर लावायचा नाही, ड्रिलचं वजन पुरे. पाणी दुधासारखं झालं की बदला, कारण पिठी घट्ट झाली की बिट तापतो आणि काच तडकते ती या उष्णतेने. १० मिमी काचेला आठ-दहा मिनिटं लागू द्या. दोन मिनिटांत पार झाला तर जोर लागलाय असंच समजा. शेवटच्या मिलिमीटरला आवाज बदलतो. तिथे ड्रिल हाताने तोलून धरा, नाहीतर पलीकडे शिंपल्यासारखा टवका उडतो. टवका नटच्या बाजूला आणि लहान असेल तर चालतो, वॉशरखाली आला तर गळणारच. केसाएवढी चीर दिसली तर मात्र ती काच गेली. चीर थांबत नाही.

वॉशर टाकीच्या आतून, कॉलरखाली. सिलिकॉन लावू नका. नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा, बस. पाइपचं वजन कनेक्टरवर लटकू देऊ नका.

गळक्या सांध्याचं दुखणं वेगळं. नवं सिलिकॉन जुन्या सिलिकॉनला धरत नाही, म्हणून गळणाऱ्या कोपऱ्यावर वरून थापलेली ट्यूब वाया जाते. आतली कोपऱ्यांतली सगळी पट्टी, गळत नसलेलीसुद्धा, ब्लेडने काढा आणि काच अ‍ॅसिटोनने पुसा. ट्यूब व्हिनेगरसारख्या वासाची, शंभर टक्के सिलिकॉनची, बुरशीरोधक औषध नसलेली हवी, बाथरूमसाठीची नको. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, एकाच सलग हाताने बोट फिरवायचं, पाच मिनिटांच्या आत टेप ओढायची. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने पिकतं, त्यामुळे कोरड्या दिवसांत जास्त वेळ घेतं. सात दिवस तरी पाणी भरू नका.

पण दोन काचांच्या मधल्या सांध्यातच बुडबुडे किंवा फट दिसत असेल तर आतली पट्टी बदलून भागत नाही. १२० सेमी लांब आणि ४५ सेमी पाणी असलेल्या टाकीत समोरच्या काचेवर सव्वाशे किलोच्या आसपास भार येतो आणि तो तोलतो हा मधला सांधा. अशी काच सोडवून, दोन्ही कडा स्वच्छ करून नव्यानेच चिकटवावी लागते.

चाचणी साध्या पाण्याने, सांध्यांखाली कोरडे कागद ठेवून, तीन दिवस. मग पंप चालवा आणि ऐनवेळी वीज गेल्यासारखा बंद करा. ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पाणी खाली सोडणाऱ्या वाटेच्या पातळीपर्यंत उतरणारं पाणी आणि परतीच्या पाइपातून उलटं ओढलं जाणारं पाणी, दोन्ही सम्पमध्ये मावायला हवं. मावत नसेल तर परतीचं तोंड पाण्याच्या पातळीजवळ आणा किंवा पातळीच्या किंचित खाली पाइपाला बारीक भोक पाडा. त्यातून हवा शिरली की ओढ तुटते. हे भोक शेवाळाने बुजतं, दर आठवड्याला साफ करा.