दार्जिलिंगचे ‘सात पॉइंट’ आणि पहाटे साडेतीनचं टायगर हिल

दार्जिलिंगचे गाडीवाले ‘सेव्हन पॉइंट’ म्हणून सात ठिकाणांची एक सहल विकतात. त्या सात पॉइंटांपैकी दोन पॉइंट एकाच फाटकाच्या आत आहेत. ही गोष्ट दार्जिलिंगला पोचेपर्यंत कुणी सांगत नाही आणि गाडीवाला तर पोचल्यावरही सांगत नाही. पद्मजा नायडू प्राणिसंग्रहालय आणि हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट यांचं आवार एक, तिकीटही एक, पण यादीत ते पहिला आणि दुसरा पॉइंट. तिसरा तेनझिंग रॉक, म्हणजे लेबाँगच्या रस्त्याच्या कडेचा एक मोठा खडक. तो गाडीची काच खाली करूनही बघून होतो. चौथा ‘टी गार्डन’: रस्त्यालगतचा चहाचा उतार, तिथे भाड्याने मिळणारे पहाडी कपडे, पाठीवर टोपली आणि फोटो. पाचवा रोपवे, जिथे गर्दीच्या दिवसांत दोन तास रांगेत जातात आणि ड्रायव्हर ‘बाकीचे पॉइंट राहतील’ म्हणून दारातूनच परत फिरवतो. उरलेले गाडीवाल्याच्या मर्जीनुसार बदलतात.

चूक आपलीही आहे. महाबळेश्वरला विल्सन पॉइंट, केट्स पॉइंट असे पॉइंट मोजायची सवय आपल्याला लहानपणापासून लागलेली. त्यामुळे ‘थ्री पॉइंट, फाइव्ह पॉइंट, सेव्हन पॉइंट’ असं दरपत्रक समोर आलं की आपण फक्त कुठे किती स्वस्त एवढंच विचारतो. त्यातलं पायी किती अंतरावर आहे हे विचारलं तर अर्धी यादी तिथेच गळते. चौरस्ता म्हणजे गावाचा मधला, बिनगाड्यांचा चौक; तिथून प्राणिसंग्रहालय पायी पंचवीस ते तीस मिनिटं. गाडीला त्याच रस्त्यावर कधीकधी त्याहून जास्त वेळ लागतो.

आता टायगर हिल, कारण सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त झोप तिथे जाते.

‘थ्री पॉइंट’ म्हणजे सूर्योदय बघायची टेकडी टायगर हिल, शेजारच्या घूम गावचा मठ आणि टॉय ट्रेन जिथे वळसा घेते तो बतासिया लूप. नोव्हेंबरात सूर्योदय सहाच्या जरा आधी होतो, तरी गाडी पावणेचारला दारात येते. मे महिन्यात पावणेपाचच्या सुमारास उजाडतं, तेव्हा तीनलाच उठायचं. अंतर जेमतेम ११ किलोमीटर. मग एवढ्या लवकर का? सूर्यासाठी नव्हे, पार्किंगसाठी. घूमजवळच्या जोरबंगल्याच्या तिठ्यापर्यंत मोठा रस्ता आहे. तिथून वर सिंचलच्या जंगलातून जाणारा रस्ता अरुंद आणि एकच. आधी पोचलेल्या गाड्या वरपर्यंत जातात, नंतरच्या कडेला लागत जातात आणि रांग खाली सरकत राहते. गाड्यांच्या संख्येवर मर्यादा आहे, ड्रायव्हरला कूपन काढावं लागतं, तरीही शेवटचा किलोमीटर, कधी दीड, अंधारात चढावर चालायचा असतो, तोही एका बाजूला चालू ठेवलेल्या इंजिनांचा धूर खात. समुद्रसपाटीपासून साधारण २,५९० मीटर उंची, पहाटेची थंडी आणि धूर. ज्यांना दमा आहे किंवा गुडघे दुखतात त्यांनी हा चढ ‘गाडीनेच तर जायचंय’ म्हणून गृहीत धरू नये.

वर काय दिसतं? आकाश स्वच्छ असेल तर ८,५८६ मीटरचं कांचनजंगा आधी राखाडी, मग गुलाबी, मग तांबूस होतं आणि पाच-सात मिनिटांत साधं पांढरं. डावीकडे लांबवर एव्हरेस्टचं टोक दिसू शकतं, पण शेजारचं मकालू जवळ असल्यामुळे मोठं वाटतं आणि निम्मे लोक मकालूलाच एव्हरेस्ट समजून फोटो काढून येतात. आकाश स्वच्छ नसेल तर समोरच्या माणसाची टोपी दिसते. पैसे दोन्ही वेळा तेवढेच.

यातली मुख्य मेख अशी की आपल्याकडचे बहुतेक लोक शाळांच्या सुट्टीत, मे महिन्यात जातात आणि तेव्हा हवेत धूसरपणा असतो, दुपारनंतर ढग आणि पाऊस. जून ते सप्टेंबर तर विचारूच नका. डोंगर बघायचा असेल तर ऑक्टोबरचा शेवट ते डिसेंबर. दिवाळीची सुट्टी बरोबर त्यात बसते, तेव्हा तीच पकडा. मेमध्ये दार्जिलिंगला जायला हरकत नाही, पण मग टायगर हिलचे पैसे देऊ नका.

आणि नोव्हेंबरातही देऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. चौरस्त्याच्या मागे ऑब्झर्वेटरी हिल आहे. तिच्याभोवती मॉल रोडचा वळसा आहे, जवळजवळ सपाट, गाड्यांना बंदी. चौरस्त्यावरच्या नेपाळी कवी भानुभक्तांच्या पुतळ्याकडे तोंड करून उभं राहिलात तर पुतळ्याच्या दोन्ही बाजूंनी हा रस्ता सुटतो. कुठल्याही बाजूने दहा मिनिटं चाला, टेकडीच्या उत्तर अंगाला बाकं आहेत, समोर दरी आणि दरीपलीकडे तेच कांचनजंगा, त्याच वेळी, त्याच रंगात. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी हॉटेलातून निघालं तरी पुरतं. सोबतीला प्रभातफेरीचे स्थानिक लोक आणि भटकी कुत्री. एव्हरेस्ट दिसत नाही, एवढीच तूट. नऊ-दहापासून दरीतले ढग वर यायला लागतात, त्यामुळे ‘नाश्ता करून निवांत जाऊ’ असं करू नका. परतताना टेकडीवर महाकाळ मंदिरापर्यंत चढून या, पंधरा मिनिटांचा खडा चढ. माकडं आहेत, हातातली पिशवी आत घाला.

तरीही टायगर हिल करायचंच असेल तर आदल्या दिवशी सकाळी गाडी ठरवू नका. रात्री नऊ-दहाला बाहेर येऊन तारे दिसतात का बघा, मगच हॉटेलवाल्याला सांगा. ऐन हंगाम सोडला तर तेव्हाही गाडी मिळते. चार जणांच्या छोट्या गाडीला दीड ते दोन हजार सांगतात. ड्रायव्हरशी दोन गोष्टी आधी बोला: वर किती लांब उतरवणार आणि परतताना घूमला कुठला मठ दाखवणार. कारण तिथेही गोम आहे. जुना, १८५० चा यिगा चोएलिंग मठ, ज्यात मैत्रेय बुद्धाची पंधरा फुटी मूर्ती आहे, तो मोठ्या रस्त्यापासून आत आहे, घूम स्टेशनपासून दहा मिनिटं चालत. मोठ्या रस्त्यालगतचा साम्तेन चोलिंग हा वेगळा, नंतरचा मठ. गाडी थांबवायला सोपा म्हणून बरेचदा तोच ‘घूम मॉनेस्टरी’ म्हणून दाखवला जातो. ड्रायव्हरला ‘भैया’ ऐवजी ‘दाजू’ म्हणा. नेपाळीत दाजू म्हणजे दादा. भाव कमी होत नाही, पण उत्तरं खरी मिळतात.

प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद. बाकीच्या दिवशी उघडताक्षणी, साडेआठच्या सुमारास आत जा. रेड पांडा सकाळी हालचाल करतो, उन्हं वर आली की फांदीवर शेपूट पांघरून झोपतो आणि मग दिसतो तो फक्त एक तांबडा गोळा. हिमबिबट्याचंही तसंच. आत पूर्ण चढ आहे, चपला नकोत. इन्स्टिट्यूट सगळ्यात वर, तिच्या संग्रहालयाला निदान एक तास द्या. एव्हरेस्ट सर झाल्यावर पुढच्याच वर्षी, १९५४ साली ही संस्था सुरू झाली आणि तेनझिंग नोर्गे इथे प्रशिक्षणाचे पहिले प्रमुख होते. जुने बूट, दोर, ऑक्सिजनचे अवजड सिलिंडर बघितले की आपल्या ट्रेकिंगच्या सामानाविषयी तक्रार करायची लाज वाटते. आवारातच तेनझिंग यांचा पुतळा आहे. सात पॉइंटवाले इथे एकूण तासभर देतात, प्राण्यांसकट.

तिथून हॅपी व्हॅली चहाचा मळा पायी होतो, उतार आहे. १८५४ चा मळा, कारखाना बघता येतो, पण डिसेंबर ते फेब्रुवारी झाडं छाटलेली असतात, तोडणी बंद, यंत्रं थंड. तेव्हा जाऊन ‘काही चालूच नव्हतं’ म्हणून चिडू नये. परतीचा चढ चालू नका. लेबाँगच्या रस्त्यावर चौक बाजारकडे जाणारी शेअर टॅक्सी मिळते, हात करायचा आणि बसायचं.

चहा घेताना पाकिटावर टी बोर्डाचं दार्जिलिंगचं गोल बोधचिन्ह, मळ्याचं नाव आणि तोडणीचा हंगाम या तीन गोष्टी बघा. फर्स्ट फ्लश मार्च-एप्रिलचा, सेकंड फ्लश मे-जूनचा. बरणीतला सुटा ‘स्पेशल दार्जिलिंग’ बहुधा शेजारच्या नेपाळचा असतो. वाईट नसतो, पण त्या भावाचा नसतो. आणि घरी आणून आलं-दूध घालून उकळायचा असेल तर कृपया घेऊच नका. एका कपाला सपाट चमचाभर पानं, उकळी थांबल्यावरचं पाणी, तीन मिनिटं झाकण, गाळणं. चार मिनिटं झाली की कडू.

टॉय ट्रेनबद्दल थोडक्यात. रूळ माथेरानच्या गाडीइतकेच अरुंद, दोन फूट. १८८१ पासूनची गाडी, १९९९ पासून जागतिक वारसा. न्यू जलपाईगुडीहून वर येणारी गाडी ८८ किलोमीटरला सात तासांहून जास्त घेते. रेल्वेचं वेड असेल तरच. बाकीच्यांसाठी दार्जिलिंग-घूम-दार्जिलिंग ‘जॉय राइड’, दोन तास, बतासियाला दहा मिनिटं थांबा आणि घूमला संग्रहालय. डिझेलच्या इंजिनाला साधारण हजार रुपये देणं हा शुद्ध वेडेपणा. वाफेच्या इंजिनाला दीड हजारापर्यंत लागतात, एकदा द्यावेत. तिकीट आधीच ऑनलाइन काढा, खिडकीवर हंगामात मिळत नाही. पांढरे कपडे घालू नका, कोळशाची कणी डोळ्यात जाते म्हणून चष्मा ठेवा. पैसे द्यायचे नसतील तर सकाळी स्टेशनसमोरच्या शेडपाशी उभे राहा. इंजिनात पाणी भरणं, कोळसा फोडणं, तेल घालणं सगळं फुकट दिसतं आणि नंतर हेच इंजिन बाजारातून दुकानांच्या फळ्यांपासून हातभर अंतरावरून जातं. बतासिया वेगळं बघायची गरज उरत नाही, गाडी तिथूनच वळसा घेते.

हॉटेल. ‘मॉलजवळ’ या शब्दावर विश्वास ठेवू नका. चौरस्त्याकडे गाडी जात नाही. गाडी क्लबसाइडच्या टॅक्सी थांब्यावर किंवा खालच्या रस्त्यावर सोडते आणि पुढे पायऱ्या. बुकिंगआधी चार प्रश्न फोनवर विचारा: गाडी दारापर्यंत येते का, नसेल तर पायऱ्या किती; गरम पाणी किती वाजता आणि नळाला की बादलीत; हीटरचे वेगळे पैसे किती; खोलीला बाहेर उघडणारी खिडकी आहे का. दार्जिलिंगला पाण्याची कायमची टंचाई आहे, बरीच हॉटेलं टँकरवर चालतात. तेव्हा ‘चोवीस तास गरम पाणी’ हे उत्तर आलं तर पुन्हा विचारा. हीटरचे पैसे रात्रीचे, खोलीमागे लावतात आणि बिल देताना कळतं. सामानाला हमाल मिळतात. कपाळावरून पाठीमागे जाणारा नाम्लो नावाचा पट्टा, त्यात दोन मोठ्या बॅगा आणि वर एक सॅक, अशी व्यक्ती आपल्या पुढे पायऱ्या चढून जाते. बरेचदा वय साठीच्या घरातलं असतं. इथे मात्र घासाघीस करू नका. भाव आधी ठरवा आणि ठरलेला द्या.

दुकानं रात्री आठच्या आत मिटतात, जेवण सातलाच उरका.

येण्या-जाण्याचं. सिलिगुडी किंवा न्यू जलपाईगुडीहून शेअर जीप मिळते: पुढे ड्रायव्हरशेजारी दोन, मधे चार, मागे चार. मधल्या चारांत खिडकी न मिळालेले दोघं तीन तास एकमेकांच्या मांडीवर असतात. दोघं असाल तर पुढच्या दोन सीट मागा, नसतील तर पुढच्या जीपची वाट बघा. तिघं असाल तर मधली चारही सीट घ्या. चौथीचे पैसे वसूल होतात. मागच्या चारांत उलटीचा त्रास असणाऱ्याने बसूच नये, वर येणाऱ्या रोहिणी रस्त्याची वळणं पोट ढवळून काढतात. चढतानाच्या जीप दुपारी चारनंतर विरळ होतात.

उतरताना खरा घोळ आहे. बागडोगरा विमानतळ साधारण ७० किलोमीटर, तीन तास, असं सगळे सांगतात आणि ते खरंही आहे, रस्ता मोकळा असेल तर. पण दार्जिलिंगहून बाहेर पडायचा हिल कार्ट रोड हाच मुख्य रस्ता आणि जोरबंगल्याचा तिठा त्याच्यावर. सूर्योदयानंतर टायगर हिलवरून गाड्यांचा लोंढा खाली येतो, त्यातले निम्मे तिथेच मठ बघायला थांबतात, त्यात टॉय ट्रेनचे रूळ रस्त्यावरूनच जातात. नोव्हेंबरात सव्वासहा ते आठ या वेळात घूममधून जायचा प्रयत्न केलात तर तास सहज मोडतो. तेव्हा दुपारी बाराच्या आतलं विमान असेल तर साडेपाचला हॉटेल सोडा आणि लोंढा उतरायच्या आधी घूम पार करा. त्यानंतरचं विमान असेल तर पाच तास हाताशी ठेवून निघा, किंवा ड्रायव्हरला घूमहून सुखियापोखरी-मिरिक रस्त्याने न्यायला सांगा. लांब पडतो, पैसे जास्त लागतात, पण नेहमीच्या रस्त्यावरची सोनादा-कर्सियांगची गर्दी टळते. घूमपर्यंतचे आठ किलोमीटर मात्र त्या रस्त्यालाही चुकत नाहीत.