तात्यांचा अर्ज

खुर्चीत टेकायच्या आधीच तात्यांनी मोबाईल माझ्यापुढं सरकवला. "हे काय हाय, सांग बघू."

फोटो विमानातल्या संडासाच्या दाराचा होता. सिगारेटवर काट मारलेलं चिन्ह, आणि त्याच्याच जवळ लहानशा झाकणाची ॲशट्रे.

"बंदी हाय न्हवं? मग राख झाडायची सोय कुणासाठी ठेवलीया? म्हंजे त्यांनाबी ठाऊक हाय, बंदी चुकीची हाय म्हणून. आता तू मला एक अर्ज टाईप करून दे. दिल्लीला धाडायचा."

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या विमान-तिकिटांच्या ऑफिसात अर्ज टाईप करायला कुणी येत नाही. पण तात्यांना नाही म्हणवेना. निपाणीला त्यांची तंबाखूची वखार, राहायला शाहूपुरीत, वय चौऱ्याहत्तर. घरातल्या तीन पिढ्यांची तिकिटं मीच काढलेली. नुकतेच ते अमेरिकेत लेकीकडं तीन महिने राहून परतले होते. जाताना मुंबईच्या सिक्युरिटीत लायटर काढून घेतला, आणि पुढं पंधरा तास विडीविना. हाताला कापरं सुटलं, अन्न गिळवेना, शेजारच्या पोरावर विनाकारण खेकसले. हे सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की आमच्या काउंटरवरच्या मुलीनं पंखा बारीक केला.

तेव्हा मी कॉम्प्युटर पुढं ओढला. प्रति, महासंचालक, नागरी विमान वाहतूक. विषय: लांबच्या विमानात विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना शेवटच्या चार रांगा मिळणेबाबत.

"पूर्वी हुत्या की रांगा," तात्या म्हणाले. "मी बसलोय १९९४ ला."

होत्या. १९८९ साली मी मुंबईत एका एजन्सीत चिकटलो, तेव्हा पासपोर्टच्या नावानंतरचा दुसरा प्रश्न हाच असायचा: स्मोकिंग की नॉन-स्मोकिंग? त्याचे कोडही ठरलेले. नॉन-स्मोकिंगची खिडकी हवी तर एनएसएसडब्ल्यू, स्मोकिंगमधली हवी तर एसएमएसडब्ल्यू. बोटांना अजून पाठ आहेत.

पण त्या रांगांत मीही बसलोय. १९९३ साली आम्हा एजंटांची लंडनला फॅम ट्रिप होती, म्हणजे ठिकाणाची ओळख व्हावी म्हणून एजंटांना नेतात ती सहल. माझी सीट नॉन-स्मोकिंगची अगदी शेवटची. मागच्या रांगेपासून स्मोकिंग सुरू. मध्ये भिंत नाही, दार नाही, सीटच्या माथ्यावर लावलेली एक पाटी तेवढी. जेवणं झाली, दिवे मंद झाले आणि माझ्या पाठीमागं लायटर वाजायला लागले. सगळ्यात वाईट म्हणजे पुढचे लोक उठून मागं यायचे, माझ्या खांद्याशी उभे राहून ओढायचे आणि पुन्हा पुढं जाऊन बसायचे. ते स्वतः ओढणारे, पण सीट मागताना नॉन-स्मोकिंग मागून घेतलेली, कारण रात्रभर दुसऱ्याचा धूर त्यांनाही नको होता. माझ्या पुढच्या रांगेत एक बाई लेकराच्या नाकावर ओला रुमाल धरून बसली होती. घरी आल्यावर बॅगेच्या तळातल्या न घातलेल्या कपड्यांनाही वास होता.

मी हे सगळं तात्यांना सांगितलं. ते ऐकतात नीट, हा त्यांचा गुण.

"मग बाहेरची हवा जास्त घ्या म्हणावं."

हा मुद्दा पोकळ नाही. जुन्या जेट विमानांत सगळी हवा बाहेरून यायची. नंतरच्या विमानांत इंधन वाचावं म्हणून जवळपास निम्मी हवा गाळून पुन्हा आतच फिरवायला लागले. "इंधन वाचवायचं त्यांनी आणि विडी सोडायची आम्ही?" तात्यांनी टेबलावर बोट आपटलं, आणि मी ते वाक्य जसंच्या तसं अर्जात घातलं. पण गाळणी धुराचे कण धरते, वायू नाही धरत. आणि हवा कितीही घेतली तरी ती चौथ्या रांगेपाशी थांबत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं १९८६ साली विमानातल्या हवेची तपासणी करून देशांतर्गत सगळ्या विमानांत बंदी घालावी अशी शिफारस केली. तरी सरकार दबकतच पुढं गेलं. १९८८ ला दोन तासांपर्यंतच्या विमानांत, १९९० ला सहा तासांपर्यंतच्या, आणि अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्याच विमानांत बंदी यायला २००० साल उजाडलं. इतकी वर्षं विरोध टिकला तो या चार रांगांच्याच आधारावर.

"आणि ती ॲशट्रे?"

ती बंदी असूनही ठेवावीच लागते, तसा नियमच आहे. कुणीतरी चोरून ओढणार हे धरून चाललेलं आहे, आणि थोटूक कागदी रुमालांच्या डब्यात पडण्यापेक्षा तिथं पडलेलं बरं. ११ जुलै १९७३ ला रिओहून पॅरिसला निघालेल्या व्हारिग कंपनीच्या बोइंग ७०७ च्या मागच्या संडासात आग लागली. कारण बहुधा कचऱ्याच्या डब्यातलं थोटूक. धावपट्टी अवघी काही किलोमीटर राहिली असताना वैमानिकांनी विमान शेतात उतरवलं. १३४ पैकी १२३ जण गेले. बहुतेक जण धुरानं गुदमरून गेले.

तात्यांनी फोटो पुन्हा पाहिला आणि मोबाईल उलटा करून ठेवला.

थोड्या वेळानं म्हणाले, "पण पायलटचं काय? त्याचा हात थरथरला तर?" हेही खरं. अमेरिकेच्या त्या सुरुवातीच्या कायद्यांतून कॉकपिट वगळलंच होतं. तलफ अचानक तोडली तर वैमानिकाचं लक्ष विचलित होईल, ही भीती तेव्हाही मांडली गेली होती. सवयीची मगरमिठी किती घट्ट असते, याची ही सरकारी कबुलीच म्हणायची. हा मुद्दाही मी टाईप केला. अर्ज अर्धं पान झाला होता.

मग मी त्यांना एअर होस्टेसचं सांगितलं. आपण सीट मागून घेतो, ती कुठली मागणार? तिला पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत ट्रॉली ढकलायचीच असते, रोज, वर्षानुवर्षं. माझ्या लंडनच्या विमानातली ती मुलगी मला अजून दिसते. डोळे लाल, मागच्या पँट्रीत तोंडाला टिश्यू लावून खोकायची आणि पडदा सारून पुन्हा हसत बाहेर यायची. अमेरिकेत नॉर्मा ब्रॉइन नावाच्या एअर होस्टेसला बत्तिसाव्या वर्षी फुप्फुसाचा कॅन्सर झाला. जन्मात सिगारेट ओढली नव्हती. १९९१ साली तिनं आणि तिच्या सोबतिणींनी सिगारेट कंपन्यांवर खटला भरला. १९९७ साली तडजोड झाली आणि कंपन्यांना संशोधनासाठी ३० कोटी डॉलर द्यावे लागले.

तात्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "आमच्या वखारीत बायका पदर बांधून बसतात. नाकाला. आत पाय टाकला की नव्या माणसाला ठसका लागतोय. मी चाळीस वर्षं दारात खुर्ची टाकून बसलोय, वाऱ्याला."

मी काही बोललो नाही. आमच्या भागात तंबाखूवर बोलणं सोपं नाही. निपाणी इथून चाळीसेक किलोमीटर. कितीतरी घरांची चूल त्या पिकावर, वखारींवर आणि विड्या वळण्यावर पेटते. मला ते बोलून दाखवायचा हक्क नव्हता, आणि त्यांनी स्वतःच ते बोलल्यावर गरजही नव्हती.

बंदी योग्य आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण त्या दुपारी मला दुसरंच टोचत राहिलं. बंदी आली आणि आमच्या फॉर्मवरून तो प्रश्नच गेला. तात्यांना मी जेवण शाकाहारी का विचारलं, व्हीलचेअर हवी का विचारलं, बीपीच्या गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा म्हणून बजावलं. पन्नास वर्षं विडी ओढणारा माणूस पंधरा तास कसा काढणार, हे विचारलं नाही. सलग विमान काढून दिलं, कारण ते सोयीचं. मध्ये थांबणारं, उतरल्यावर स्मोकिंग रूम मिळेल असं विमान शोधता आलं असतं. डॉक्टरांना विचारून निकोटिनचं च्युइंगम बरोबर द्या, एवढं त्यांच्या मुलाला सांगता आलं असतं. त्या रात्री तात्यांच्या हाताला कापरं सुटलं, त्यात माझ्या कामातली चूक होती. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं.

"तुझं काय चुकलं त्यात," ते म्हणाले. पण बरं वाटलं त्यांना, चेहऱ्यावर दिसलं.

"अर्ज प्रिंट करू?"

"ऱ्हाऊ दे तसाच. त्या चार रांगांचं काढून टाक. पायलटचं ठेव." मग दाराशी थांबले. "आणि पुढच्या मे मध्ये पुन्हा जायचंय. नातीची मुंज... म्हंजे काय ते, ग्रॅज्युएशन. मध्ये थांबणारं बघ."

२००८ च्या ऑक्टोबरमध्ये सार्वजनिक ठिकाणची बंदी आली, तेव्हापासून तात्या आमच्या जिन्यात ओढायचे. धूर वर काउंटरपर्यंत यायचा आणि आमची मुलगी मुकाट्यानं दार लोटायची. त्या दिवशी काडी ओढल्याचा आवाज जिन्यात आला नाही. खिडकीतून पाहिलं तर ते रस्ता ओलांडून पलीकडच्या झाडाखाली उभे होते, वाऱ्याकडं पाठ करून, दोन्ही हातांच्या आडोशात काडी धरून.