स्कूल बसचं लायसन्स काढलं, पण बोटांनी दम काढला

मला ओळखीतले बरेच जण विचारतात की एवढी मोठी पिवळी बस चालवायची भीती नाही वाटली का. अहो, बस चालवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. मला अडवलं ते माझ्याच हाताच्या बोटांनी, आणि तो राग अजून गेलेला नाही म्हणून हे लिहितेय. इथे न्यू जर्सीत कुणी मराठी बाई किंवा बुवा हे काम करायच्या विचारात असतील तर आधी स्वतःची बोटं बघा, स्टिअरिंगचं नंतर बघू.

झालं असं की लेक कॉलेजला गेली, घर रिकामं झालं, आणि आमच्या भागात जिकडेतिकडे ‘बस ड्रायव्हर पाहिजेत, ट्रेनिंग आम्ही देऊ’ अशा पाट्या. सकाळी काही तास, दुपारी काही तास, मधे घरी येऊन कुकर लावता येतो, उन्हाळ्यात सुट्टी. आमचे हे म्हणाले, तू? आणि बस? झालं, मग तर करायचंच होतं.

लेखी परीक्षेचं फार सांगत नाही कारण सांगण्यासारखं काही नाही. जनरल नॉलेजचे ५० प्रश्न, एअर ब्रेकचे २५, पॅसेंजरचे २० आणि स्कूल बसचे २०, प्रत्येकात ८० टक्के लागतात, मॅन्युअल फुकट मिळतं, दोनदा नीट वाचलं की होतं. लायसन्स लागतं ते सीडीएल (मोठ्या व्यावसायिक गाड्यांचं लायसन्स) क्लास बी, त्यावर पी म्हणजे पॅसेंजर आणि एस म्हणजे स्कूल बस अशी दोन एन्डॉर्समेंट, म्हणजे जादा परवानग्या. पहिल्यांदाच काढत असाल तर फेब्रुवारी २०२२ पासून मान्यताप्राप्त ठिकाणी ट्रेनिंग घेतल्याशिवाय ड्रायव्हिंगची टेस्टच देता येत नाही, त्यामुळे मित्राच्या ट्रकवर शिकून डायरेक्ट टेस्टला गेलो असा प्रकार आता चालत नाही. आणि लर्निंग परमिट हातात आल्यावर निदान १४ दिवस तरी थांबावंच लागतं.

तर ते एस. मुलांना घेऊन जाणार म्हणून राज्य पोलीस आणि एफबीआय दोन्हीकडे तुमचं रेकॉर्ड तपासतात आणि त्यासाठी बोटांचे ठसे लागतात. यात काहीच चूक नाही, माझीच पोरगी किती वर्षं त्या बसमधून गेली, ड्रायव्हर कोण आहे हे कुणीतरी तपासलेलं बरंच. अपॉइंटमेंट घेतली, पैसे भरले, गेले. एक छोटंसं सेंटर, शाई वगैरे काही नाही, काचेचं मशीन, आणि एक पोरगा एकेक बोट धरून त्या काचेवर दाबतोय आणि स्क्रीनवर लाल. परत दाबलं, लाल. त्याने काच पुसली, माझं बोट पुसलं, काहीतरी फवारलं, लाल. मागे लाईन वाढत चाललेली. शेवटी तो म्हणाला, जाऊ दे, पाठवून बघू, बहुतेक जाईल. आणि पाठवलं सुद्धा! मला आजही त्या ‘बहुतेक’चा राग येतो. स्क्रीनवर लाल दिसतंय, तुला दिसतंय, मला दिसतंय, मग पाठवतोस कशाला बाबा.

मग शांतता. मेल नाही, पत्र नाही. तोपर्यंत माझं ट्रेनिंग सुरू झालेलं, रिकाम्या मैदानात बस मागे घेता यायला लागली होती, आणि डेपोची मॅनेजर बाई रोज विचारायची की क्लिअरन्स आला का. मी सेंटरच्या हेल्पलाईनला फोन केला, ते म्हणाले आम्ही पाठवलं, आता राज्याकडे विचारा. राज्याकडे फोन केला तर ते म्हणाले तुम्हाला कामावर घेणाऱ्यांकडे विचारा. मॅनेजर म्हणाली, माझ्या स्क्रीनवर नुसतं ‘पेंडिंग’ दिसतं, सेंटरला विचार. असे गोल गोल फिरल्यावर एक दिवस मेल आला की ठसे वाचण्याच्या दर्जाचे नाहीत, परत येऊन द्या. बस, एवढंच. का नाहीत, काय करायचं, काही नाही.

का नाहीत ते मला लेकीने शोधून सांगितलं. वय वाढलं की बोटांवरच्या रेषा चपट्या होत जातात, त्यात कोरडी थंडी, आणि त्यात सतत पाण्यात हात. गवंडी, केस कापणारे, भांडी घासणारे, सगळ्यांना हा त्रास होतो म्हणे. मी इतकी वर्षं कढई तारेच्या घासणीने घासतेय, डिशवॉशरवर माझा विश्वास नाही, आता कळलं त्याची किंमत काय ते. दुसऱ्या अपॉइंटमेंटच्या आधी घरातली भांडी ह्यांच्याकडे दिली (तेवढाच एक फायदा), रोज रात्री हाताला व्हॅसलिन लावून मोजे घालून झोपले. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, ज्या दिवशी ठसे द्यायचे त्या सकाळी काहीही लावायचं नाही, काचेवर तेल पसरतं आणि सगळं फिसकटतं. आणि पहिल्या वेळचा ट्रान्झॅक्शन नंबर घेऊन जा, तो दाखवला की परत पैसे पडत नाहीत. माझ्या पुढच्या माणसाकडे नंबर नव्हता, त्याला पूर्ण फी परत भरायला लावली.

दुसऱ्या वेळेला बाई होती, ती शांतपणे घेत होती, काही बोटं हिरवी सुद्धा आली. मला वाटलं झालं काम. कसलं काय, परत तोच मेल.

आता ऐका, ही माहिती मला कुणीही आपणहून दिली नाही. ठसे दर्जामुळे दोनदा नाकारले गेले की तिसऱ्यांदा बोटं घासत बसायची गरज नसते, एफबीआयकडे नावावरून तपासणी मागता येते. ती तुम्ही स्वतः मागू शकत नाही, ज्या सरकारी खात्याने ठसे मागितलेत त्यांनी मागायची असते, दोन्ही नकार एफबीआयचे असावे लागतात आणि दुसऱ्या नकारानंतर ९० दिवसांच्या आत मागावी लागते. म्हणजे तुम्ही गप्प बसलात तर मुदत निघून जाते आणि परत पहिल्यापासून. मला हे आमच्या ट्रेनरने सांगितलं, साठीचा माणूस, त्याच्याबरोबरच्या एका आजींचं असंच झालं होतं. हेल्पलाईनवर इतक्या वेळा बोलले पण एकाही माणसाने हे शब्द उच्चारले नाहीत. माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती. दोन्ही मेलच्या प्रिंट काढल्या, तारखांना पिवळा मार्कर लावला आणि मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवल्या, म्हटलं आत्ता माझ्यासमोर त्यांना मेल कर. केला तिने.

आणि इथे आपलं मराठीपण आडवं आलं. नावावरून तपासणी म्हणजे आजपर्यंत वापरलेली सगळी नावं द्या. आता अमेरिकन बाईला फार तर माहेरचं आडनाव लिहायचं असतं. माझं काय? लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून पहिलं नाव बदललेलं. दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचं नाव, मधे वडिलांचं, मग माहेरचं आडनाव. पासपोर्टवर सासरचं नाव आणि त्याला चिकटून नवऱ्याचं नाव, दोन्ही ‘गिव्हन नेम’च्या एकाच खणात, त्यामुळे इथल्या लायसन्सवर माझं फर्स्ट नेम म्हणजे आम्ही दोघं नवराबायको मिळून एक. मॅनेजरने यादी बघितली आणि विचारलं, यातली तू कुठली? मी म्हटलं, सगळ्या. फॉर्मवर ‘इतर नावं’ला जागा एका ओळीची. मी वेगळा कागद जोडला, प्रत्येक नाव कुठल्या साली आणि कुठल्या कागदावर आहे ते लिहिलं, मॅरेज सर्टिफिकेट आणि नाव बदलल्याचं महाराष्ट्र शासनाचं राजपत्र, दोन्हीच्या कॉपी लावल्या. राजपत्र मराठीत होतं, त्याचं सर्टिफाइड भाषांतर करून घेतलं होतं ग्रीन कार्डाच्या वेळी, ते कामाला आलं. ज्यांनी लग्नानंतर राजपत्रात नाव छापून आणलं नाही त्यांनी पुढच्या भारतवारीत ते काम उरकून घ्या, कुठे लागेल सांगता येत नाही.

मग आला क्लिअरन्स. एका ओळीचा मेल. मी एवढ्या जोरात ओरडले की हे वरून धावत खाली आले, त्यांना वाटलं मी पडले.

टेस्टबद्दल. तीन भाग असतात: गाडीची तपासणी तोंडी सांगत दाखवणं, मैदानातलं मागेपुढे, आणि रस्त्यावर. लोक तपासणीत आपटतात. टायरच्या खाचांच्या खोलीपासून इमर्जन्सी दारापर्यंत एकेका वस्तूला हात लावून मोठ्याने सांगायचं असतं, आणि एअर ब्रेकची परीक्षा तर आकड्यांसकट पाठ लागते: इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरला की मिनिटाला ३ पीएसआयपेक्षा (हे हवेच्या दाबाचं माप) जास्त हवा गळता कामा नये, दाब उतरत ६० च्या आसपास आला की धोक्याचा दिवा आणि बझर लागला पाहिजे, आणि २० ते ४५ च्या मधे पार्किंग ब्रेकचं बटण आपोआप बाहेर आलं पाहिजे. मी ते पोळ्या लाटताना म्हणायचे, शाळेत पाढे म्हणायचो तसं. ठसे अडकल्यामुळे पाठांतराला वेळच वेळ होता, टेस्ट घेणाऱ्या माणसाने मधेच हात वर केला की बास बास, पुढे चला. हे सांगताना मला अजून छान वाटतं.

नियम मात्र खरंच कडक आहेत आणि ते असावेतच. रेल्वे फाटकाला बसमध्ये पोरं असोत नसोत, रुळापासून १५ ते ५० फुटांच्या मधे पूर्ण थांबायचं, पंखा रेडिओ बंद, खिडकी आणि दार उघडून कान देऊन ऐकायचं. मुलं चढता-उतरताना लाल दिवे लागले की मागच्या-पुढच्या दोन्ही बाजूच्या गाड्यांनी न्यू जर्सीत निदान २५ फूट लांब थांबायचं. मधे डिव्हायडर असेल तर समोरून येणाऱ्यांना थांबणं नाही पण ताशी १० मैलांवर यावं लागतं. बसच्या समोरची पहिली १० फूट जागा सगळ्यात धोक्याची, तिथे उभं असलेलं छोटं पोर सीटवरून सरळ दिसतच नाही, आरशात बघावं लागतं. आणि राऊंड संपला की शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन बघायचं कुणी झोपलंय का. हे नुसतं चांगली सवय म्हणून नाही, मूल बसमध्ये राहिलं तर पहिल्या वेळेला एस एन्डॉर्समेंट सहा महिने सस्पेंड, दुसऱ्या वेळेला कायमचं गेलं. मी सीटच्या खाली पण वाकून बघते, पहिलीतली पोरं कुठे घुसतील नेम नाही.

२०१८ च्या मे महिन्यात इथे इंटरस्टेट ८० हायवेवर शाळेच्या सहलीच्या बसला अपघात झाला, एक विद्यार्थिनी आणि एक शिक्षिका गेल्या. त्यानंतर त्याच वर्षी नव्या बसला तीन पॉइंटचे सीट बेल्ट लावायचा कायदा झाला. आमचा ट्रेनर ती जागा, ते वळण सगळं नकाशावर काढून दाखवतो, वर्गात कुणी बोलत नाही तेव्हा.

पुण्याला बहिणीला सांगितलं की बस थांबली की अख्खा रस्ता थांबतो, तर ती म्हणाली, आमच्याकडे बस थांबली की मागचे हॉर्न वाजवतात. नियम तिकडेही आहेत की, महाराष्ट्रात २०११ पासून स्कूल बसचे वेगळे नियम आहेत, शाळेची परिवहन समिती लागते, मुली असतील तर बसमध्ये बाई अटेंडंट लागते. पण बाकी ट्रॅफिकने बससाठी थांबायचं, हे काही मी तिथे कधी पाहिलं नाही.

हां, मेडिकल राहिलंच. डीओटीची, म्हणजे फेडरल वाहतूक खात्याच्या नियमांप्रमाणे तपासणी असते, चष्मा लावून २०/४० दिसलं पाहिजे, पाच फुटांवरून कुजबुजलेलं ऐकू आलं पाहिजे, आणि बीपी १४०/९० च्या खाली असेल तर दोन वर्षांचं कार्ड, थोडं वर असेल तर एकाच वर्षाचं. माझी तपासणी नेमकी दुसऱ्या नकाराच्या आठवड्यात होती, त्यामुळे मला एक वर्षाचं मिळालं आणि त्याचं बिल मी त्या सेंटरलाच पाठवायला हवं होतं. लघवीची ड्रग टेस्ट वेगळी, ती कामावर घेणारे करतात आणि नंतर केव्हाही अचानक बोलावतात. ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप नसेल तर आधी नीट चौकशी करा, २०२५ पासून बाकी व्हिसावाल्यांच्या सीडीएलबाबत फेडरल सरकारने बरीच उलथापालथ केलीय.

आणि ठशांची अपॉइंटमेंट घेताना शक्य असेल तर दुपारची घ्या, सकाळी हात गार असतात. मशीनवर लाल दिसत असेल आणि समोरचा म्हणाला ‘बहुतेक जाईल’, तर उठू नका. म्हणा, परत घे.