आमची वाटचाल : ठिबक, पण उलटं

वडिलांची निफाडला द्राक्षबाग. लॅटरल म्हणजे ठिबकच्या नळ्या अंथरणं, त्या तुंबल्या की चोकअप काढणं मला शाळेपासून येतं. नोकरीनिमित्त अमेरिकेत व्हरमाँटला आलो आणि पहिल्याच मार्चमध्ये शेजारच्या रानात मेपलच्या झाडांना नळ्या जोडलेल्या दिसल्या. आपलं ठिबकच, फक्त उलटं. तिकडे नळी झाडाला पाणी देते, इकडे झाड नळीला रस देतं. निफाडला पारा उतरला की वडिलांची झोप उडायची. इथे रात्री गोठलं आणि दिवसा वितळलं तरच रस सुटतो, त्यामुळे थंडी पडली की मी खूश!

साधारण ४० लिटर रस आटवला की १ लिटर मेपल सिरप, म्हणजे इथली काकवी. हौशी माणूस बादल्या वाहूनच दमतो. तसाच दमलेला आमचा शेजारी. त्याच्या ३० झाडांना आम्ही नवरा-बायकोने नळ्या ओढून दिल्या आणि धंदा सुरू झाला.

सुरुवातीला आम्ही दिसेल त्याला नळीतून रस ओढायचा पंप विकला. १२ व्होल्टचा, आतला रबरी पडदा हलवून रस ओढणारा. एका थंड रात्री आत राहिलेला रस गोठला आणि तीन गिऱ्हाइकांच्या पंपांची डोकी तडकली. पैसे परत केले. मग ३/१६ इंची नळीकडे वळलो. ती इतकी अरुंद की हवेच्या बुडबुड्याला बाजूने सटकायला वाव नसतो. रस सलग राहतो आणि उतारावर स्वतःच्या वजनानेच वरचा रस ओढतो. ३० फूट उतार असेल तर पाऱ्याचे २५ इंच निर्वात, म्हणजे रस खेचणारी ओढ, फुकट. वीज नाही, पंप नाही.

दोन हंगाम आम्ही हवेत होतो. तिसऱ्या वर्षी रस घटला. नळ्यांचे टी-आकाराचे जोड कापून पाहिले तर आत बुळबुळीत थर. चोकअप! वडील फोनवर म्हणाले, "अ‍ॅसिड सोड की." खायच्या वस्तूच्या नळीत कसं सोडणार? आता हंगाम संपला की नळ्या क्लोरीनच्या पाण्याने धुतो आणि झाडातल्या तोट्या दरवर्षी नव्या घालतो. क्लोरीनही कॅल्शियमचं, गावच्या विहिरीत टाकतात त्या टीसीएल पावडरच्या भावकीतलं. सोडियमचं वापरलं तर मागे मीठ उरतं आणि त्याच्या चटकेने खारुताया नळ्या कुरतडतात. हा धडा दीडशे फूट नळी बदलून शिकलो.

आता नव्या रानात आधी फक्त उतार मोजतो. पंप सपाट जमिनीवाल्यालाच, तोही रोज संध्याकाळी रिकामा करायचं कबूल करून घेऊन.