सलिबा आणि गॅब्रिएल यांच्यामागे कोण?

कोल्हापूर, रविवार, १० ऑगस्ट २०२५

पुढच्या रविवारी, भारतीय वेळेनुसार रात्री नऊ वाजता, आर्सेनल या लंडनच्या फुटबॉल क्लबचा नवा हंगाम मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर सुरू होईल. गेले दोन महिने सगळी चर्चा व्हिक्टर योकेरेस या नव्या स्ट्रायकरभोवती फिरत राहिली आणि ते स्वाभाविकही आहे, कारण गेल्या हंगामातले ३८ सामन्यांतले ६९ गोल विजेतेपदाला पुरेसे नव्हते. माझे मन मात्र बचावफळीपाशी अडकले आहे. ज्या संघाने सलग दोन हंगाम प्रीमियर लीगमध्ये सर्वांत कमी गोल स्वीकारले (२०२३-२४ मध्ये २९ आणि २०२४-२५ मध्ये ३४), त्याच्या बचावाची काळजी का करावी, असे कोणीही विचारील. या आकड्यांत पूर्ण हंगामाची बेरीज दिसते, पण विजेतेपद ज्या पाच-सहा आठवड्यांत हातून निसटते, त्या आठवड्यांत मैदानावर नेमके कोण उभे होते हे त्यांतून कळत नाही. म्हणून आज शांतपणे बसून एकेका जागेचा विचार लिहून काढायचे ठरवले आहे.

सुरुवात अर्थातच मधल्या जोडीपासून. विल्यम सलिबाला आर्सेनलने २०१९ मध्ये विकत घेतले, पण सेंट-एतिएन, नीस आणि मार्सेल अशी वाट चालून तो प्रीमियर लीगमध्ये पहिल्यांदा खेळला तो ऑगस्ट २०२२ मध्ये. गॅब्रिएल मागाल्हाएस २०२० साली लीलहून आला. एक उजव्या पायाचा, दुसरा डाव्या. एक थांबून, वाट पाहून चेंडू काढून घेणारा, तर दुसरा पुढे सरसावून अंगावर जाणारा. कबड्डीत कोपरारक्षक आणि त्याच्या शेजारचा मध्यरक्षक हात धरून साखळी करतात, आणि एकाने चढाईपटूच्या पायाकडे झेप घेतली की दुसरा पळवाट बंद करतो, तसे या दोघांचे आहे. गॅब्रिएल प्रतिस्पर्धी स्ट्रायकरला मधल्या रेषेपर्यंत जाऊन भिडू शकतो, कारण त्याच्या मागे सुटलेली जागा सलिबा भरून काढणार याची त्याला खात्री असते. प्रशिक्षक मिकेल आर्टेटाचा सगळा खेळ या खात्रीवर उभा आहे. बचावाची रेषा जवळजवळ अर्ध्या मैदानापर्यंत वर चढलेली, तिच्या पुढे काही पावलांवर मधली फळी, आणि समोरच्या संघाला त्याच्याच अर्ध्यात कोंडून ठेवणारी आघाडी. या तिन्ही फळ्यांमधले अंतर कमी राहते, कारण सर्वांत मागे उभ्या असलेल्या दोघांना आपल्या पाठीमागच्या मोकळ्या मैदानाची भीती वाटत नाही.

यांतला एक जण नसला की काय होते, हे २०२३ च्या वसंतात दिसले. १६ मार्चला स्पोर्टिंग लिस्बनविरुद्धच्या युरोपा लीग सामन्यात सलिबाची पाठ दुखावली आणि त्याच संध्याकाळी ताकेहिरो तोमियासुही जायबंदी झाला. रॉब होल्डिंग आत आला. पुढचे दोन लीग सामने आर्सेनलने ४-१, ४-१ असे जिंकले, त्यामुळे सगळे ठीक आहे असे वाटले. मँचेस्टर सिटीच्या हातात एक सामना शिल्लक असला तरी आघाडी आठ गुणांची होती. मग ९ ते २६ एप्रिल या अडीच आठवड्यांत लिव्हरपूलशी २-२, वेस्ट हॅमशी २-२, तळाला असलेल्या साउथहॅम्प्टनशी ३-३ आणि मँचेस्टर सिटीकडून १-४. पहिल्या दोन्ही सामन्यांत आर्सेनल २-० ने पुढे होते. चार सामन्यांत ११ गोल स्वीकारले आणि १२ पैकी केवळ ३ गुण मिळाले. संपूर्ण हंगामात स्वीकारलेल्या ४३ गोलांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक याच चार सामन्यांतले आहेत.

होल्डिंगला दोष देणे मला कधीच पटले नाही. तो प्रामाणिक खेळाडू होता आणि पेनल्टी क्षेत्रात उभा राहून हवेतले चेंडू काढण्याचे काम तो नीट करत असे. त्याच्याकडे सलिबाचा वेग नव्हता, एवढेच. मागचा माणूस धावण्यात कमी पडतो हे प्रतिस्पर्ध्यांना कळले की ते चेंडू त्याच्या पाठीमागे टाकू लागतात, मग तो स्वतःहून पाच-सात पावले मागे उभा राहतो, त्याच्यासाठी पूर्ण रेषा मागे सरकते, मधल्या फळीपुढे दुप्पट मैदान पसरते आणि मधल्या फळीतल्या ओडेगार्डपासून सगळ्यांना जास्त धावावे लागते. एका जागेवरचा बदल असा अकराही जणांच्या पायांत उतरतो. राखीव सेंटर-बॅक, म्हणजे मधला बचावपटू, निवडताना त्याच्या टॅकलपेक्षा त्याचा वेग आधी पाहावा, असे मला तेव्हापासून ठामपणे वाटते.

गेल्या हंगामातली कथा वेगळ्या बाजूची आहे. १ एप्रिल २०२५ ला फुलहॅमविरुद्ध गॅब्रिएलच्या मांडीचा मागचा स्नायू दुखावला आणि त्याचा हंगाम तिथेच संपला. राखीव बचावपटू याकुब किव्हिओरने रेआल माद्रिदविरुद्धचे दोन्ही सामने, लंडनमधला ३-० आणि बर्नाबेऊवरचा २-१, सलिबाच्या साथीने फार उत्तम खेळून काढले. त्या दोन रात्री पाहून गॅब्रिएलची उणीव जाणवणार नाही असे अनेकांनी म्हटले. पण २३ एप्रिलला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध २-१ ने पुढे असताना चूक झाली ती सलिबाकडून. त्याचा ढिला पास थेट पॅलेसच्या मातेताच्या पायात गेला आणि मातेताने चेंडू आपला गोलरक्षक राया याच्या डोक्यावरून जाळ्यात टाकला. शेजारचा माणूस बदलला की पास देण्याच्या सवयी आणि कोन बदलतात, आणि सर्वांत शांत खेळाडूवरही तो भार येतो, असा मी त्या चुकीचा अर्थ लावतो. ३ मे रोजी बोर्नमथने आपल्याच एमिरेट्स मैदानावर २-१ ने हरवले, तेव्हा त्यांचा एक गोल लांब थ्रो-इनवर आला आणि दुसरा कॉर्नरवर. गॅब्रिएल असताना असे चेंडू बहुतेक वेळा त्याच्या कपाळावरून बाहेर जातात. दुसऱ्या टोकालाही तेच: प्रशिक्षकवर्गातल्या निकोला जोव्हरने बसवलेल्या कॉर्नरच्या योजनेत मुख्य डोके गॅब्रिएलचे असते. सप्टेंबर २०२४ मध्ये टॉटनहॅमच्या मैदानावर १-० ने जिंकलो तो गोल त्याचाच होता. तो बसला की बचाव कमकुवत होतोच, शिवाय गोल करण्याचा एक हमखास मार्गही बंद होतो. जूनमध्ये त्याने २०२९ पर्यंतचा नवा करार केला, ही या उन्हाळ्यातली मला सर्वांत समाधान देणारी बातमी आहे. सलिबाचा करार मात्र अजून २०२७ पर्यंतचाच आहे आणि तो वाढवण्यात क्लबने आणखी वेळ घालवू नये.

आता क्रिस्तियान मोस्केरा. व्हॅलेन्सियाहून आलेला हा २१ वर्षांचा सेंटर-बॅक उजव्या पायाचा आहे, वेगवान आहे आणि गेल्या हंगामात ला लिगामध्ये जवळजवळ प्रत्येक सामना खेळला आहे. एकास एक अशा झुंजीत तो घाईने जमिनीवर पडत नाही, स्ट्रायकरला कडेकडे नेत राहतो, ही गोष्ट मला फार आवडली. २०२३ मध्ये होल्डिंगच्या जागी असा खेळाडू असता तर, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. तरीही एक शंका नोंदवून ठेवतो. व्हॅलेन्सिया गेल्या हंगामात बराच काळ तळाच्या तिघांत अडकलेली होती, आणि अशा संघाच्या बचावपटूला पेनल्टी क्षेत्राजवळ, माणसांच्या गर्दीत बचाव करण्याची सवय लागते. आर्सेनलमध्ये त्याच्या पाठीमागे चाळीस-पन्नास मीटर मोकळे मैदान असेल आणि सत्तर मिनिटे काहीच न घडता एकाएकी एक चेंडू त्याच्या डोक्यावरून जाईल. त्या एका क्षणासाठी जागे राहणे ही शिकण्याची गोष्ट आहे आणि ती सरावापेक्षा सामन्यांतूनच येते. म्हणून त्याला लीग कप आणि चॅम्पियन्स लीगच्या सुरुवातीच्या सामन्यांत सप्टेंबरपासूनच खेळवावे, एप्रिलची वाट पाहू नये.

दोन्ही बगलांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, पण तो संपन्नतेचा प्रश्न आहे. उजवीकडे बेन व्हाइट आणि युरिएन टिंबर. व्हाइटच्या गुडघ्यावर गेल्या नोव्हेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर टिंबरने ती जागा आपली केली. आता टिंबर घोट्याच्या दुखापतीतून सावरतो आहे. उजवा विंगर साका पुढे खेळत असताना त्याच्या बाहेरून धावत जाण्यात व्हाइट सरस, तर प्रतिस्पर्ध्याचा विंगर रोखण्यात टिंबर. मोठ्या सामन्यांत मी टिंबरला निवडेन, अर्थात तो पूर्ण तंदुरुस्त असेल तर.

डाव्या बाजूवरून काल राखीपौर्णिमेला ताईकडे बराच वेळ चर्चा झाली. माझा भाचा शाळेच्या संघात याच जागी खेळतो आणि माइल्स लुइस-स्केली हा त्याचा देव आहे. “मामा, सिटीविरुद्ध गोल करून जो त्यांच्याच हालंडसारखा मांडी घालून बसला, त्याला तू बाकावर बसवणार?” असे त्याने मला ताटावरच विचारले. त्याचे म्हणणे टाकाऊ नाही. अठरा वर्षांचा हा मुलगा मूळचा मधल्या फळीतला असल्याने लेफ्ट-बॅकच्या जागेवरून आत सरकून चेंडू घेतो, पाठीवर माणूस असतानाही वळतो, आणि मार्चमध्ये इंग्लंडसाठी पहिल्याच सामन्यात त्याने गोलही केला. पण वेस्ट हॅमविरुद्ध त्याला मिळालेले लाल कार्ड आणि बोर्नमथमध्ये सलिबाला मिळालेले लाल कार्ड मी शेजारी-शेजारी ठेवून पाहतो. दोन्ही वेळा पुढे चेंडू हरवला, दोन्ही वेळा आपला खेळाडू शेवटचा माणूस ठरला आणि त्याने निसटणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला पाडले. दोन्ही सामने आपण हरलो. लीगमध्ये गेल्या हंगामात आर्सेनलला सहा लाल कार्डे मिळाली. त्यांपैकी लुइस-स्केलीचे वुल्व्हजविरुद्धचे कार्ड पुढे रद्द झाले हे खरे, पण शेवटचा माणूस म्हणून एकटे पडण्याचा धोका या पद्धतीतच दडलेला आहे. फुल-बॅक, म्हणजे बगलेचा बचावपटू, मध्यभागी सरकतो तेव्हा त्याची मूळ जागा रिकामी राहते, आणि चेंडू हरवला की पहिला चेंडू तिथेच येतो. रिकार्डो कालाफिओरी स्वतः सेंटर-बॅक म्हणूनही खेळलेला असल्याने त्याला तो धोका लवकर दिसतो, शिवाय हवेतल्या चेंडूंवर त्याची उंची कामी येते. त्याच्या गुडघ्याने वर्षभर साथ दिली नाही, हीच त्याची अडचण. ओल्ड ट्रॅफर्डवर कालाफिओरी आणि घरच्या मैदानावर लीड्सविरुद्ध लुइस-स्केली, अशी तडजोड मी भाच्यासमोर मांडली. त्याने ती मान्य केलेली नाही.

गोलरक्षकाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. डेव्हिड राया उत्तम आहे आणि केपाच्या येण्याने त्याच्यामागे अनुभवी माणूस मिळाला. हाँगकाँगमध्ये टॉटनहॅमच्या सारने मधल्या रेषेजवळून रायाच्या डोक्यावरून गोल केला, तो पुढे उभे राहण्याच्या सवयीची किंमत आहे. त्या सवयीचा फायदा वर्षभर मिळत असल्याने मी तिच्या विरोधात नाही. व्हियारेआलने बुधवारी एमिरेट्सवर तीन गोल केले, तेही मी फार मनावर घेत नाही, कारण काल अ‍ॅथलेटिक बिल्बाओविरुद्धच्या ३-० मध्ये संघाची ठेवण पुष्कळ सुधारलेली दिसली. बचावासमोर थॉमस पार्टी आणि जोर्जिन्यो यांच्या जागी आता मार्टिन झुबिमेंदी असेल. तो अंगबळाने चेंडू काढणारा नाही, पण चेंडू कुठे पडणार हे त्याला आधी कळते, आणि त्याच्या शेजारी डेक्लन राइस असताना तेवढे पुरेसे ठरावे.

इथे शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने पाहत मोठे झालेल्या आम्हा मंडळींना बचावपटूची किंमत कोणी समजावून सांगावी लागत नाही. गॅलरीतले जुने लोक पहिल्या पाच मिनिटांत मागच्या खेळाडूचे पाय जोखतात. त्यांच्यापैकीच एकांनी मला शाळकरी वयात आर्सेनलच्या १९९८-९९ च्या बचावाबद्दल सांगितले होते. डिक्सन, अ‍ॅडम्स, कीओन, विंटरबर्न, आणि राखीव म्हणून बोल्ड यांच्यासारखा माणूस! त्या हंगामात ३८ सामन्यांत फक्त १७ गोल स्वीकारले, तरी विजेतेपद एका गुणाने मँचेस्टर युनायटेडकडे गेले. त्यामुळे उत्तम बचाव म्हणजे विजेतेपदाची हमी, असा माझा दावा नाही. तीन वर्षे सलग दुसरे आल्यावर आणि २००४ नंतर एकही लीग विजेतेपद नसताना, निदान हातातले गुण मागच्या बाजूने सांडू नयेत एवढीच माझी मागणी आहे.

तर ओल्ड ट्रॅफर्डवर माझा संघ असा: राया, व्हाइट, सलिबा, गॅब्रिएल, कालाफिओरी, त्यांच्यासमोर झुबिमेंदी आणि राइस. उजवीकडे सलिबाच्या मागे मोस्केरा आहे, त्यामुळे ती बाजू २०२३ पेक्षा कितीतरी भक्कम झाली आहे. डावीकडे गॅब्रिएलच्या मागे किव्हिओर आहे आणि तो जाणार असल्याची चर्चा थांबत नाही. तो गेला तर डाव्या पायाचा राखीव सेंटर-बॅक म्हणून फक्त कालाफिओरी उरतो, म्हणजे गॅब्रिएल जायबंदी झाल्यास एका दुखापतीत दोन जागा हलतील. तोमियासु गेला आहे, टियर्नी सेल्टिकला परतला आहे आणि झिन्चेन्कोला आर्टेटा आता फारसे खेळवत नाही. ३१ ऑगस्टला लिव्हरपूलचे अ‍ॅनफिल्ड आहे आणि सप्टेंबरमध्ये सिटी व न्यूकॅसल. खरेदीची मुदत १ सप्टेंबरला संपते. किव्हिओरला सोडायचेच असेल तर त्याआधी डाव्या पायाचा, वेगवान, गरज पडल्यास लेफ्ट-बॅकलाही खेळू शकेल असा एक बचावपटू आलाच पाहिजे.