तामारिन ते ग्री ग्री : मॉरिशसच्या नैर्ऋत्य किनाऱ्याने

मॉरिशसला येणाऱ्या बहुतेक मराठी पर्यटकांना सहल-कंपन्या बेटाचे दोन तुकडे करून दाखवतात. उत्तरेच्या सहलीत पोर्ट लुईची बाजारपेठ आणि टेकडीवरचा किल्ला असतो, तर दक्षिणेच्या सहलीत त्रू ओ सेर्फचे ज्वालामुखीचे विवर, गंगा तलाव आणि शामारेलची सातरंगी माती. दोन्हींमध्ये समुद्र बसच्या खिडकीतून अधूनमधून दिसतो, पण किनाऱ्यावरची गावे मात्र वेगात मागे पडतात. आम्ही त्याऐवजी एका स्थानिक चालक-मार्गदर्शकाबरोबर अर्ध्या दिवसाची सहल ठरवली. पश्चिमेकडच्या फ्लिक-आं-फ्लाकहून निघायचे, किनारा शक्यतो सोडायचा नाही, आणि दक्षिणेला सुयाक गावाच्या कडेला असलेल्या ग्री ग्रीच्या कड्यांपर्यंत जाऊन डोंगरावरून परतायचे, असा बेत होता. अंतर जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरचे. पण रस्ता इतका वळणांचा आणि थांबे इतके मोहाचे की अर्धा दिवस पुरणार नाही, हे मार्गदर्शकाने गाडीत बसतानाच सांगून टाकले.

निघताना त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि पुढचा सारा प्रवास आम्ही तिच्याच आधाराने पाहिला. "काका, रस्त्याकडे कमी पहा, पाण्यातल्या पांढऱ्या रेषेकडे पहा," असे तो म्हणाला. मॉरिशसच्या बहुतेक किनाऱ्याला प्रवाळभित्तीचा वेढा आहे. किनाऱ्यापासून काही अंतरावर मोठ्या लाटा या भित्तीवर फुटतात आणि त्यांच्या फेसाची एक लांबच लांब रेषा समुद्रात उमटलेली दिसते. रेषेच्या अलीकडे उथळ, फिकट हिरवट-निळे, जवळजवळ निश्चल पाणी असते, तर पलीकडे हिंदी महासागराचा गडद निळा विस्तार. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे गोड्या पाण्यामुळे आणि गाळामुळे प्रवाळ वाढत नाही, म्हणून तिथे रेषा तुटते. होड्या नेमक्या त्याच खिंडारातून ये-जा करतात, आणि त्यामुळे गावेही बरीचशी त्या खिंडारांच्या आसपासच वसलेली आहेत. नकाशात हे सारे दिसतेच, परंतु एकदा डोळ्यांना सवय झाली की पुढे कुठले गाव मासेमारीचे असेल आणि कुठे पोहायला मनाई असेल याचा अंदाज गाडीत बसूनही बांधता येतो.

तामारिनला पहिला थांबा समुद्राचा नव्हता, मिठाचा होता. रस्त्याला लागूनच चौकोनी वाफ्यांची मिठागरे आहेत. त्यांचे दगडी बांध आणि उतरत्या पातळ्यांची रचना पाहून उरण किंवा शिरोड्याकडचा कुणीही माणूस हे काय आहे ते क्षणात ओळखेल. समुद्राचे पाणी वरच्या वाफ्यांत घेऊन ते टप्प्याटप्प्याने खालच्या वाफ्यांत सोडले जाते, आणि ऊन व वारा आपले काम करतात. हा उद्योग नेमका याच किनाऱ्यावर का रुजला, याचे उत्तर मागे उभ्या असलेल्या डोंगरांत आहे. मॉरिशसवर वर्षाचा बराच काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. त्यांतला पाऊस बेटाच्या मध्यभागी असलेल्या पठारावरच पडून जातो आणि पश्चिम किनारा कोरडा राहतो. पठारावर छत्रीवाचून बाहेर पडणे अवघड असते, त्याच वेळी तासाभराच्या अंतरावर तामारिनला मीठ पिकत असते.

या मार्गदर्शकाचे पूर्वज कोकणातून आलेले होते, हे आम्हाला इथे कळले. घरात तो क्रिओल बोलतो, कामावर फ्रेंच आणि इंग्रजी. मराठी मात्र शाळेत शिकला, त्यामुळे त्याची वाक्ये पाठ्यपुस्तकातल्यासारखी नीटनेटकी असतात आणि तो आम्हाला "आपण" म्हणूनच संबोधतो. 1834 पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख करारबद्ध मजूर भारतातून या बेटावर आणले गेले. त्यांत बिहार आणि आसपासच्या भोजपुरी भागातील लोकांचा भरणा मोठा असला, तरी मुंबई बंदरातून चढलेल्या मराठी माणसांचीही एक छोटी शाखा इथे रुजली. अनेक कुटुंबांत पणजोबांचे पाळण्यातले नावच पुढे आडनाव होऊन बसले आहे. गणेशचतुर्थीला इथे सार्वजनिक सुट्टी असते. तामारिनच्या मागे असलेल्या कास्कावेलसारख्या गावांतून गणपती वाजतगाजत समुद्राकडे निघतात आणि मिरवणुकीत कोकणातल्या जाखडीचा इथला अवतार नाचला जातो. विसर्जनासाठी लगूनचे, म्हणजे भित्तीच्या आतले, उथळ पाणी सोयीचे पडते, हे सांगताना मार्गदर्शकाचा हात पुन्हा त्या पांढऱ्या रेषेकडे गेला.

पुढे ला प्रनेझ येथे मार्टेलो पद्धतीचा, म्हणजे किनाऱ्याच्या रक्षणासाठी बांधलेला, गोल बुरूज आहे. 1810 मध्ये हे बेट फ्रेंचांकडून इंग्रजांकडे आले. गुलामगिरी बंद करण्याचे घाटू लागल्यावर फ्रेंच मळेवाले उठाव करतील आणि त्यांना समुद्रावरून मदत मिळेल, या धास्तीने इंग्रजांनी 1830 च्या दशकात असे बुरूज उभारले. भिंती भरभक्कम आहेत. त्यांच्यावर तोफ डागण्याची वेळ काही आली नाही. इथे दहा मिनिटे पुरतात.

ग्रांद रिव्हिएर न्वार आणि काझ न्वायाल मागे टाकून ला गोलेत गावाशी रस्ता पाण्याला अगदी चिकटतो. समोर बेनितिये बेट आणि त्याच्या मागे संपूर्ण दृश्य व्यापून उभा राहिलेला ले मॉर्न. समुद्रात घुसलेल्या एका भूशिरावर हा बसाल्टचा डोंगर एकटाच उभा आहे. उंची 556 मीटर, म्हणजे सह्याद्रीच्या हिशेबाने फार नव्हे. पण पायथा थेट समुद्रसपाटीवर असल्यामुळे आणि वरचे कडे तासल्यासारखे सरळ असल्यामुळे तो आहे त्याहून पुष्कळ उंच वाटतो. मळ्यांवरून पळून आलेले गुलाम या डोंगराच्या कपारींत आणि माथ्यावर आसरा घेत. 1 फेब्रुवारी 1835 रोजी गुलामगिरी संपुष्टात आली, तेव्हा ही बातमी सांगण्यासाठी शिपायांची एक तुकडी डोंगराकडे निघाली. ते आपल्याला पकडायला येत आहेत असे समजून वरच्या लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. युनेस्कोने 2008 मध्ये या डोंगराला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो त्याच्या आकारासाठी नव्हे, तर या आठवणीसाठी. दोनच वर्षे आधी पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाला, म्हणजे करारबद्ध मजूर जिथे उतरले त्या धक्क्याला, हाच मान मिळाला होता. एवढ्याशा देशाची दोन्ही वारसास्थळे सक्तीने किंवा नाइलाजाने आलेल्या माणसांची आहेत. माहितीपत्रकांत मात्र ले मॉर्न म्हणजे पंचतारांकित हॉटेलांच्या मागचा देखणा पडदा असतो, आणि ते मला खटकते.

डोंगराच्या पायथ्याशी गुलामांच्या मार्गाचे स्मारक आहे. मधल्या दगडाभोवती वेगवेगळ्या देशांच्या नावाने कोरलेली शिल्पे मांडली आहेत. माणसे मुख्यतः मादागास्कर आणि मोझांबिककडून आणली गेली; परंतु फ्रेंच काळात हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरूनही गुलाम म्हणून माणसे इथे आली होती, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. आपले लोक 1834 नंतर मजूर म्हणून गेले, एवढीच गोष्ट आपण सांगत राहतो. मुक्त झालेल्या लोकांच्या वंशजांची त्रू शनीय नावाची वस्ती पूर्वी इथेच पायथ्याशी होती. पुढे ती उठून आजच्या ले मॉर्न गावात, भूशिराच्या अलीकडे, आली. गावात दुपारी काही पुरुष होड्या ओढून घेत होते, आणि एका ओसरीवर बोकडाच्या कातड्याचा राव्हान हा डफासारखा वाद्यप्रकार उन्हाला टेकवून ठेवला होता. सेगाच्या, म्हणजे इथल्या लोकसंगीताच्या, गाण्याआधी तो शेकून ताणावा लागतो. या पारंपरिक सेगालाही 2014 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली आहे.

ले मॉर्नच्या समोर पाण्याखाली धबधबा कोसळतो आहे असे भासवणारे छायाचित्र आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत असते. तो खरोखरचा धबधबा नव्हे. प्रवाळभित्तीच्या खिंडारातून वाळू आणि गाळ खोल पाण्यात उतरत जातो, त्याच्या रंगछटांमुळे उंचावरून तसा भास होतो. तो हेलिकॉप्टरसारख्या उंचीवरूनच नीट दिसतो. रस्त्यावरून त्याचा मागमूस नाही, तेव्हा त्या आशेने कुणी इथे ताटकळू नये.

यापुढचा तुकडा मला संपूर्ण बेटावर सर्वांत आवडला. माकोंदे येथे डोंगराचा एक सुळका थेट समुद्रात उतरतो आणि रस्ता त्याला वळसा घालून इंग्रजी यू अक्षरासारखा फिरतो. सुळक्यावर चढायला पायऱ्या आहेत. वर जागा फार नाही, वारा मात्र टोपी जागेवर राहू देत नाही. इथून दोन्ही बाजूंचा किनारा, लगूनचे फिकट पाणी, त्यात मान खाली घालून मासे वेचणारी माणसे आणि पलीकडची पांढरी रेषा, सारे एका नजरेत येते. बे द्यु कापची नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे ती रेषा अगदी नेमकी तुटलेली दिसते. सकाळी मार्गदर्शकाने सांगितलेले सगळे इथे उघड्या नकाशासारखे समोर होते.

बे द्यु काप गावात मॅथ्यू फ्लिंडर्सचे स्मारक आहे. ऑस्ट्रेलिया खंडाची प्रदक्षिणा करून त्याच्या किनाऱ्याचे नकाशे काढणारा हा इंग्रज दर्यावर्दी डिसेंबर 1803 मध्ये गळक्या जहाजातून मायदेशी निघाला होता. दुरुस्तीसाठी तो या खाडीत शिरला. दरम्यान इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात पुन्हा युद्ध पेटले होते, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याच्याजवळचा परवाना होता तोही दुसऱ्याच जहाजाच्या नावाचा. फ्रेंच गव्हर्नर दकाँने त्याला हेर समजून अडकवले, आणि त्याची सुटका व्हायला 1810 साल उजाडले. भित्तीतले खिंडार सापडले म्हणून जहाज वाचले आणि त्याच खिंडारातून माणूस कैदेत गेला.

गावाच्या वळणावर एका गाडीवर ढोल पुरी मिळाली. डाळीचे शिजवलेले सारण भरलेली ही पातळ पोळी म्हणजे गूळ न घातलेली पुरणपोळीच होय. ती नेहमी जोडीने देतात आणि आत घेवड्याची आमटी, टोमॅटोचा रस्सा व हिरव्या मिरचीची चटणी घालून गुंडाळतात. हॉटेलच्या बुफेत जे काही मिळते त्यापेक्षा हे शतपटीने चांगले.

बेल ओंब्रच्या ऊसमळ्यांवर आता बरीच हॉटेले आणि गोल्फची मैदाने झाली आहेत. तो भाग आम्ही न थांबता पार केला. रिव्हिएर दे गालेला वाळूऐवजी काळे गुळगुळीत गोटे पसरलेले आहेत आणि लाट मागे सरली की ते एकमेकांवर घासून खडखडतात. घरे इथे समुद्राच्या इतकी जवळ आहेत की उधाणाची भीती गावाला कायमची आहे. प्रवाळभित्तीचे मोल कळते ते अशा गावांत. गेल्या शतकात याच प्रवाळाचे तुकडे भट्ट्यांत भाजून बांधकामाचा चुना केला जात असे, आणि लगूनमधली वाळू उपसून इमारतींना वापरली जाई. वाळूउपशावर 2001 मध्ये बंदी आली. आता समुद्राचे पाणी तापून प्रवाळ पांढरे पडू लागले आहेत, आणि ते मात्र कुठल्या बंदीने थांबण्यासारखे नाही.

सुयाकला पोहोचेपर्यंत ऊन कलले होते. गावाजवळ रॉबर्ट एडवर्ड हार्ट या कवीचे प्रवाळाच्या दगडांनी बांधलेले छोटे घर संग्रहालय म्हणून जपले आहे. त्यापुढे सुरूचे बन संपते आणि ग्री ग्रीचा कडा येतो. इथे पांढरी रेषा नाही. भित्तीच नसल्यामुळे दक्षिण महासागराकडून आलेल्या लाटा वाटेत कशालाही न अडखळता थेट काळ्या बसाल्टवर आदळतात, आणि तुषार कड्याच्या वर उभ्या असलेल्या माणसांपर्यंत उडतात. दिवसभर ज्या शांत पाण्याची सवय झाली होती, ते किती पातळ भिंतीच्या भरवशावर शांत होते, हे इथे पाच मिनिटांत लक्षात येते. कड्याच्या कडेने थोडे चालत गेल्यावर ला रोश की प्लर हा खडक लागतो. लाट ओसरल्यावर त्याच्या भेगांतून पाण्याच्या धारा निथळत राहतात. पायवाट निसरडी आहे आणि कठडा सर्वत्र नाही. पोहण्यास मनाई असल्याच्या पाट्या आहेत, त्या गांभीर्याने घ्याव्यात.

परतताना गाडी शामारेल-प्लेन शांपान्यच्या बाजूने वर चढली आणि वीस मिनिटांत आम्ही ढगात शिरलो. दरी पाहण्यासाठी केलेले सज्जे धुक्याने भरलेले होते, म्हणून तिथे फार वेळ घालवला नाही.

कुणाला हीच वाट धरायची असेल, तर शक्यतो सकाळी लवकर निघावे आणि ले मॉर्न उलट बाजूने, म्हणजे परतीच्या वाटेवर, दुपारनंतर पाहावा. पश्चिमेचे ऊन कड्यावर तेव्हा पडते. मे ते ऑक्टोबर या कोरड्या आणि थंड महिन्यांत दक्षिणेचा वारा बोचरा असतो, तेव्हा अंगावर एक जाड कपडा असू द्यावा. स्वतंत्र गाडी परवडत नसेल तर किनाऱ्याच्या गावांना जोडणाऱ्या सार्वजनिक बस आहेत. त्यांना वेळ लागतो आणि संध्याकाळी त्या लवकर बंद होतात, एवढे ध्यानात ठेवावे.