सर्वांत चांगला पिचर खाली गेला

२३ मार्च २०२४. ॲरिझोनातल्या बेसबॉलच्या स्प्रिंग ट्रेनिंगचे, म्हणजे मोसमाआधीच्या सराव-शिबिराचे, शेवटचे दिवस. आमच्या चौतिशीतल्या डावखुऱ्या पिचरच्या (बॅटरला चेंडू टाकणाऱ्याच्या) एजंटने क्लबला कळवलं, ‘अठ्ठेचाळीस तासांत मुख्य संघात घ्या, नाहीतर मोकळं करा.’ सहा वर्षांहून जास्त मेजर लीग, म्हणजे सर्वांत वरची स्पर्धा, खेळलेला आणि आता तिच्याखालच्या मायनर लीगच्या करारावर आलेला खेळाडू मोसमाच्या पाच दिवस आधी असं म्हणू शकतो. तो त्याचा हक्कच आहे. मी त्या क्लबची डेटा ॲनालिस्ट. क्लबचं नाव सांगत नाही, खेळाडूंचीही नाही.

सांगलीहून आई फोनवर विचारायची, “अगं, सरावाच्या सामन्यांचं एवढं काय टेन्शन घेतेस?” तिचं बरोबरच होतं. या सामन्यांच्या निकालाला शून्य किंमत असते. पण कॅम्पमध्ये साठ-सत्तर जण येतात आणि मुख्य संघासाठी सव्वीसच निवडायचे असतात. त्यातही पिचर जास्तीत जास्त तेरा. आमचे बारा ठरलेले होते. तेराव्या जागेवर तिघांचा डोळा होता.

पहिला हा डावखुरा. त्याने महिनाभरात जवळपास धावाच दिल्या नव्हत्या, त्यामुळे वर्तमानपत्रवाले त्याच्यावर खूश. मी मात्र नव्हते. सातव्या इनिंगनंतर समोर कोण उभं असतं? पाठीवर ८८, ९३ असले आकडे असलेली मायनर लीगची पोरं. त्याची बहुतेक शून्यं त्यांच्याविरुद्धची होती, आणि त्याचा फास्टबॉल गेल्या वर्षीपेक्षा ताशी दोन मैलांनी मंदावला होता. शिवाय वाळवंटातल्या कोरड्या हवेत चेंडू बोटांतून निसटतो आणि कर्व्ह कमी वळतो. म्हणून मार्चमध्ये मी धावांच्या रकान्याकडे पाहतच नाही. वेग, फिरकी, हातातून चेंडू सुटण्याची जागा, एवढंच पाहते.

दुसरा सत्तावीस वर्षांचा, ताशी ९८ मैलांनी टाकणारा. कुठे टाकतोय हे मात्र त्यालाही माहीत नसे. तिसरा चोवीस वर्षांचा, शांत, वहीत सगळं टिपून ठेवणारा. माझ्या यादीत तो पहिला होता, आणि दुसरा त्याच्या बराच मागे.

२५ तारखेला सकाळी बैठक झाली. धुळवडीचा दिवस. फोनवर रंगलेल्या चेहऱ्यांचे फोटो येत होते, तो पालथा घालून मी टेबलाच्या टोकाला बसले. माझ्या यादीवर कोणीही वाद घातला नाही. जनरल मॅनेजर म्हणाले, “मान्य.” आणि पुढच्याच वाक्यात तो चोवीस वर्षांचा पोरगा ट्रिपल-एला, म्हणजे मायनर लीगच्या सर्वांत वरच्या पायरीवर, गेला.

कारण ऑप्शन. क्लबची चाळीस जणांची यादी असते, सव्वीस जण त्यातूनच निवडायचे. त्या यादीतल्या खेळाडूला साधारणपणे तीन मोसम क्लब हवं तेव्हा खाली पाठवू शकतो आणि परत बोलावू शकतो. तीन मोसम संपले की खाली पाठवण्याआधी त्याला वेव्हरवर ठेवावं लागतं, आणि मग बाकीच्या २९ क्लबांपैकी कोणीही त्याला उचलतो. क्लबने कोणाला वर्षानुवर्षं खाली दाबून ठेवू नये म्हणून हा नियम. ९८ मैलवाल्याचे ऑप्शन संपले होते, त्याला खाली पाठवणं म्हणजे गमावणं. डावखुरा तर चाळिसांच्या यादीतच नव्हता. त्याला घ्यायचं तर आधी यादीतून कोणाला तरी काढावं लागलं असतं. पोराचे तिन्ही ऑप्शन शिल्लक होते. त्याला पाठवायला क्लबला काहीच मोजावं लागत नव्हतं. ज्याला हलवणं फुकट, तो हलतो.

फुकट म्हणजे क्लबला. त्या वर्षी मेजर लीगचा किमान पगार ७,४०,००० डॉलर होता, दिवसाला जवळपास चार हजार. चाळिसांच्या यादीत नव्याने आलेल्याला मायनर लीगमध्ये तेव्हा वर्षाला साठ हजारांच्या आसपास मिळत. शिवाय वरचे १७२ दिवस भरले की नोकरीचं एक वर्ष धरतात. पगाराच्या लवादापासून करारमुक्तीपर्यंत सगळं त्या वर्षांवर मोजलं जातं.

खरा वाद झाला तो उरलेल्या दोघांवर. मैदानावर संघ चालवणाऱ्या मॅनेजरला अनुभवी डावखुरा हवा होता. पिचिंग कोच म्हणाला की ९८ मैल शिकवता येत नाहीत, स्ट्राइक टाकणं, म्हणजे चेंडू नेमक्या चौकटीत टाकणं, कदाचित येतं. त्याचं म्हणणं टिकलं, आणि डावखुऱ्याला मोकळं केलं.

दुपारी माझ्या दारावर टकटक झाली. तो पोरगा, हातात वही. त्याला ऑफिसमध्ये सांगितलं होतं, ‘डावखुऱ्या बॅटरना टाकायच्या स्लायडरवर काम कर.’ स्लायडर म्हणजे शेवटी बाजूला वळणारा चेंडू. खाली पाठवताना असं काहीतरी सांगायची पद्धतच आहे, रिकाम्या हाताने कोणाला पाठवायचं नसतं म्हणून. त्याने मात्र ते शब्दशः घेतलं होतं. “ग्रिप बदलून पाहू का?” असं विचारत त्याने वहीत काढलेली तीन चित्रं माझ्यापुढे धरली.

मी स्क्रीनवर त्याचा स्लायडर उघडला. कॅम्पमधल्या सगळ्या रिलीव्हरमध्ये, म्हणजे सामन्याच्या मधे उतरणाऱ्या पिचरमध्ये, तो वरच्या दोन-तीनांत बसत होता, डावखुऱ्या बॅटरविरुद्धसुद्धा. पाच मिनिटं आम्ही दोघं नुसते आलेखावरचे ते ठिपके बघत होतो. मग मी म्हटलं, “ग्रिपला हात लावू नकोस.”

“मग मी खाली का चाललोय?”

“तुझे ऑप्शन शिल्लक आहेत म्हणून.”

तो हसला. त्याला हे ठाऊक असणारच, एजंट असतो ना त्यांचा. पण क्लबच्या माणसाकडून ऐकलं नव्हतं. त्याने वहीतली तिन्ही चित्रं खोडली आणि जिममध्ये निघून गेला.

संध्याकाळी माझ्या बॉसने विचारलं, “तू त्याला काय सांगितलंस?” मी सांगितलं. बैठकीतली गोष्ट बाहेर बोलायची नसते, हे त्यांनी जरा कडक आवाजात ऐकवलं. मी म्हटलं, बैठकीतलं काही बोलले नाही. स्लायडरचे आकडे त्याचेच आहेत आणि ऑप्शन किती उरलेत ते सगळ्या जगाला माहीत आहे. एक चांगला चेंडू आपण सौजन्यापोटी बिघडवला असता. त्यांनी पिचिंग कोचला बोलावून घेतलं, आणि ट्रिपल-एला गेलेल्या टिपणातून स्लायडरचा मुद्दा निघाला. एवढं झालं याचं मला अजूनही बरं वाटतं.

खाली पाठवलेल्या पिचरला पंधरा दिवस वर आणता येत नाही. मुख्य अपवाद, वरचा कोणी जखमी यादीत गेला तर. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एकाचा कोपर दुखावला आणि पोरगा पंधरा दिवसांच्या आतच वर आला. मग खाली, पुन्हा वर. एका मोसमात पाचपेक्षा जास्त वेळा खाली पाठवता येत नाही, म्हणून तिसऱ्या खेपेनंतर आमच्या ऑफिसात त्याच्या नावापुढे खुणा करायला लागले. ९८ मैलवाल्याने जूनपर्यंत अंत पाहिला आणि जुलैत अचानक स्ट्राइक टाकायला लागला. कोच तेव्हापासून माझ्याशी जास्तच ऐटीत बोलतो.

पुढच्या मार्चमध्ये यादी उघडली तेव्हा पोराच्या नावापुढे ऑप्शनच्या रकान्यात दोन होते. तेराव्या जागेसाठी या वेळी चौघं होते, त्यातल्या दोघांचे ऑप्शन संपलेले.